निचितेदादांचे साडेचार फेरे

१० मे २००७. आसनगावच्या कारखान्यात नवीन ॲसिड विभागाचा मर्यादा-तक्ता भरायला बसले आहे. विभाग महिनाभर तोंडी सूचनांवर चालू आहे; परवा तक्ता भिंतीवर लागायचा आहे. काम सोपं आहे. यंत्राचं नाव, काय मोजायचं, किती खाली जाऊ द्यायचं, किती वर, वर गेलं तर काय करायचं, आणि शेवटच्या रकान्यात कारण. तेरा ओळी भरल्या आणि चौदाव्या ओळीवर अडले. ॲसिड चढवायच्या पंपाचा व्हॉल्व्ह किती उघडायचा, एवढंच लिहायचं आहे. आकडा तयार आहे, हिशेब दोनदा तपासलेला आहे. पण हाताखाली ही ओळ आली की काशिनाथ निचिते आठवतात आणि मी थांबते. एरवी मी कशावर थांबत नाही, म्हणून त्याचा राग येतो.

ज्यांना कारखान्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. मर्यादा दोन प्रकारच्या असतात. एक ओलांडली की लगेच काहीतरी फुटतं, घंटा वाजते, लोक पळतात. ती सगळे पाळतात. दुसरी ओलांडली तर आज काहीही होत नाही. उद्याही नाही. माल उलट लवकर निघतो, मॅनेजर खूश होतो. फक्त आतून पाइप झिजत जातो. या दुसऱ्या मर्यादेसाठी भांडणारा माणूस विक्षिप्तच दिसतो, कारण त्याच्या बाजूने दाखवण्यासारखं काही नसतं. निचितेदादा तसे दिसायचे.

१९९५ साली मी मुरबाडच्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले. शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटीने जायचे. तिथे रंगांसाठी लागणारी रसायनं बनत, आणि त्यासाठी सल्फ्युरिक ॲसिड लागे. ते टँकरने येई, अंगणातल्या मोठ्या लोखंडी टाकीत साठे, आणि तिथून पंपाने वरच्या मजल्यावरच्या छोट्या टाकीत, म्हणजे डे टँकमध्ये, चढवलं जाई. ॲसिड फक्त दिवसाच्या शिफ्टमध्येच चढवायचं असा नियम होता, आणि तो विभाग निचितेदादांच्या ताब्यात होता. वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका गावचे, घरी भातशेती, वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे. बुटके, रुंद, पँट गुडघ्यापर्यंत गमबुटात खोचलेली. शर्टच्या खिशात लाल नेलपेंटची बाटली.

त्या बाटलीवरून कारखान्यात सगळे त्यांची थट्टा करायचे. लहानू वाघ म्हणून त्यांचा रिलीव्हर होता, रजेत त्यांचं काम बघणारा, डोंगराकडच्या पाड्यावरचा, तो तर तोंडावर म्हणायचा, "दादा, एक बोट माजं पन रंगवा, लगीन जमल." दादा त्याच्याकडे लक्ष देत नसत. नेलपेंट मापकांसाठी होतं. थर्मामीटरवर कंपनीने हिरवा पट्टा पन्नास अंशांपर्यंत छापलेला. दादांची लाल रेघ अडतिसावर. मी नवीन होते, पुस्तकी होते. छापील मापकावर कोणी नखं रंगवायच्या रंगाने रेघा ओढतो हे मला सहन झालं नाही. लॅबमधलं ॲसिटोन कापसावर घेऊन मी रेघ पुसली. दुसऱ्या दिवशी रेघ परत होती. मी परत पुसली. तिसऱ्या वेळी ते लॅबच्या दारात येऊन उभे राहिले, गमबूट बाहेर काढले आणि म्हणाले, "बाय, तुमच्याकडं पुसायचं हाय, माज्याकडं लावायचं हाय. दोगांचा बी टाइम जातो. त्यापेक्षा मना येक सांगा. ॲसिडात लोखंड किती उतरतं ते तुमी मोजता का?"

मोजत नव्हते. आधीचा केमिस्टही मोजत नव्हता; ॲसिड किती तीव्र आहे एवढंच बघत. पण प्रश्न बरोबर होता. पाइप झिजला तर त्याचं लोखंड जाणार कुठे, ॲसिडातच. त्या दिवसापासून दर सोमवारी मी डे टँकमधून नमुना आणून लोखंड काढायला लागले, आणि दर सोमवारी चार वाजता दादा दारात येऊन आकडा ऐकून जात. आकडा ऐकल्यावर "बरं" म्हणत. जास्त असला तरी "बरं", कमी असला तरी "बरं".

त्यांचं शास्त्र त्यांनी मला एकदाच सांगितलं. ॲसिड लोखंडाला खातं, पण खाल्ल्यावर तिथेच एक पातळ साय धरते, दुधावर धरते तशी. ती साय पुढचं लोखंड वाचवते. ॲसिड सावकाश गेलं तर साय राहते. जोरात गेलं, किंवा तापलं, तर साय फाटते आणि खाली नवं लोखंड उघडं पडतं. "सायीला धक्का नाय लावायचा, बास." हे अगदी खरं आहे. पुस्तकात याच गोष्टीला दोन पानं लागतात. त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला, आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला.

कारण सायीचं कळलं, पण आकडे कळेनात. व्हॉल्व्हचं चाक आठ फेऱ्यांत पूर्ण उघडे. दादा साडेचार फेऱ्यांच्या पुढे उघडू देत नसत. चाकाच्या दांड्याला त्यांनी सुतळी अशी बांधली होती की साडेचार झाले की ती ताणली जाई आणि चाक थांबे. साडेचारच का, असं मी विचारलं तर एकदा म्हणाले, पाचाला बेंडमध्ये, म्हणजे पाइपाच्या वळणावर, आवाज बदलतो. मी कान लावला, मला साडेचार आणि पाचाचा आवाज सारखाच वाटला. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, बेंडवर उलटा हात ठेवला की कळतं. तिसऱ्यांदा, माणूस चांगल्या मूडमध्ये होता, तेव्हा म्हणाले की पूर्वीचा जुना व्हॉल्व्ह गंजला होता, तो साडेचारलाच अडायचा, आणि तेव्हा कधी बेंड गळला नव्हता. मी म्हटलं, मग हा आकडा तुमचा नाही, गंजाचा आहे. ते म्हणाले, "गंज काय कमी शिकलाय व्हय?" आणि निघून गेले.

पावसाळ्यात रेघ अडतिसाच्याही खाली येई. दमट हवा टाकीत शिरते, ॲसिड वरून पातळ होतं आणि पातळ ॲसिड लोखंडाला जास्त खातं, हे मी समजू शकत होते. पण मग थंडीत एका वर्षी रेघ वर गेली आणि एका वर्षी गेली नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

आणि हाच माणूस कारखान्याच्या फाटकाबाहेर कसलीच मर्यादा पाळत नसे. त्यांच्याकडे एक लुना होती. त्या लुनावर दादा, मागे बायको, मध्ये तांदळाचं पोतं, आणि हँडलला दोन्हीकडे बाजाराच्या पिशव्या, असे ते सरळगावच्या बाजारातून येताना मी एसटीच्या खिडकीतून पाहिले आहेत. मागचा ब्रेक तुटलेला, पायाने थांबवायचे. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ बंद केलं तर डब्यात रोज सुकट. मी एकदा बोलले. ते म्हणाले, "बाय, पाइप बोलत नाय म्हनून त्याचं बघाया लागतं. मी बोलतो की." यात काही तर्क असावा असं वाटलं, पण मला तो पकडता आला नाही.

१९९९ च्या सुरुवातीला उत्पादन वाढवायचं ठरलं. नवीन मॅनेजर पुण्याहून आले होते, हुशार आणि घाईचे. आठच्या दहा बॅच काढायच्या, म्हणून मोठा पंप बसवला आणि व्हॉल्व्ह सात फेरे उघडायचा हुकूम दिला. दादांनी नकार दिला. दोघांचं अंगणात बराच वेळ चाललं. शेवटी मॅनेजर म्हणाले, आपण तीन महिने चालवून बघू. लोखंड वाढलं तर परत साडेचारवर येऊ, नाही वाढलं तर सात फेऱ्यांचा तक्ता करून भिंतीवर लावू. आकडा मॅडम काढतील, सहीही त्याच करतील. मला हे योग्य वाटलं. अजूनही पद्धत म्हणून योग्यच वाटतं. दादांनी सुतळी सोडली आणि खिशात घातली.

तीन महिने मी दर सोमवारी नमुना काढला. लोखंड वाढेल अशी माझी अपेक्षा होती. वाढलं नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, अजून वेळ आहे. तिसऱ्या आठवड्यात मी रसायनं बदलून परत मोजलं. सहाव्या आठवड्यात कल्याणच्या एका लॅबकडून तपासून आणलं. आकडा तोच. लॉगशीटवर रोज दादांच्या जाड अक्षरात लिहिलेलं असे: व्हॉल्व्ह ७ फेरे. बॅच दहा निघत होत्या. म्हणजे सायीची सगळी गोष्ट आमच्या पाइपला लागू नव्हती, किंवा मला मोजता येत नव्हतं. मी माझ्यावरच संशय घेत राहिले.

एक गोष्ट मात्र दिसली होती. दादा दहाच्या चहाला येईनासे झाले होते. पूर्वी ते बशीत ओतून दोन कप प्यायचे. लहानू म्हणायचा, पंप मोठा झाला तसे दादाबी मोठे झाले, आता आमच्यात बसत नाय. मला वाटलं, हरल्याचा राग असेल.

जूनमध्ये मी तक्त्यावर सही केली. काचेत घालून तो पंपाशेजारी लावला. दादा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. इंग्रजी त्यांना येत नसे, पण आकडा आणि सही कळत होती.

"सही तुमची, बाय?"

"हो."

"बरं."

एवढंच. माझ्या आयुष्यात मी या "बरं"वर जितका विचार केला तितका दुसऱ्या कुठल्या शब्दावर केलेला नाही.

जुलैत ते लावणीसाठी दरवर्षीप्रमाणे आठ दिवसांच्या रजेवर गेले. खाचरात बांधावरून पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. आठ दिवसांचे सहा आठवडे झाले. त्यांच्या जागी लहानू काम बघू लागला. पूर्वी रजेत सुतळी असायची; लहानू ती ताणेपर्यंत चाक फिरवायचा, काम झालं. या वेळी सुतळी नव्हती, तक्ता होता. त्याने तक्त्याप्रमाणे सात फेरे उघडले. त्याची काडीची चूक नव्हती.

माझी होती. दुसऱ्या सोमवारी लोखंड दुप्पट आलं. मी ठरवलं की पावसाने टाकीत दमट हवा गेली असणार, आणि टाकीच्या श्वासनळीतली ओल शोषणारी खडी बदलायला सांगितली. तिसऱ्या सोमवारी अजून वाढलं. मी लिहिलं, खडी बदलल्याचा परिणाम दिसायला वेळ लागेल. तीन महिने स्थिर राहिलेल्या आकड्यावर माझा विश्वास होता. नवीन आकडाच मला खोटा वाटत होता. पाचव्या आठवड्यात पंपाच्या वरचा बेंड फुटला. फवारा लहानूच्या उजव्या बाजूवर आला. ॲप्रन आणि गमबूट होते, पाण्याचा शॉवर चार पावलांवर होता, म्हणून वाचला. दंड आणि कान भाजले. कान पुढे कायमचा आक्रसलेला राहिला.

कापून काढलेला बेंड मी हातात घेतला. बाहेरच्या वळणावर तो पोस्टकार्डाएवढा पातळ झाला होता, आणि आतून चकचकीत, सायीचा मागमूस नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तीन महिने या बेंडमधून सात फेऱ्यांनी ॲसिड गेलेलंच नसावं. नव्या पंपावर किती तास चालला ते मोजणारं मीटर होतं. मी दुपारभर बसून त्याच्या नोंदी लॉगशीटशी ताडल्या. सात फेऱ्यांनी डे टँक पंचवीस मिनिटांत भरायला हवा. लॉगशीटवर पंचवीसच लिहिलेलं. मीटरप्रमाणे पंप दर वेळी चाळीस मिनिटं चालला होता. साडेचार फेऱ्यांना लागायची तेवढीच. सुतळी खिशात गेली तरी दादांचा हात तिथेच थांबत होता. उरलेली पंधरा मिनिटं भरून काढायला ते पंप आधी लावत, चहा सोडून. म्हणून बॅच दहा निघत होत्या. आणि म्हणून माझा आकडा वाढत नव्हता. मी साडेचार फेऱ्यांचं लोखंड मोजलं आणि सात फेऱ्यांवर सही केली.

कल्याणच्या इस्पितळात लहानूला बघायला मी गेले तेव्हा दादा तिथे होते. पायाला प्लास्टर, काखेत काठी, खाटेच्या पायथ्याशी बसून मोसंबी सोलत होते. मी त्यांना बाहेर बोलावलं आणि विचारलं, लॉगशीटवर खोटं का लिहिलंत. ते म्हणाले, माझ्या आकड्यावर त्यांचा भरवसा होता. लोखंड वाढलं असतं तर मी थांबवलंच असतं. मी म्हटलं, पण तुम्ही ते वाढू दिलंच नाहीत, मग मी थांबवणार कसं? त्यांनी यावर विचार केला. खरंच केला, कपाळ आवळलेलं मला दिसलं. मग म्हणाले, "हां. ता पन हाय."

चौकशी ऑफिसात झाली. मॅनेजर, मुंबईहून आलेले एक मोठे साहेब, मी आणि दादा. साहेबांनी सरळ विचारलं, लॉगशीट खरं आहे का. दादांनी माझ्याकडे बघितलं. मला उत्तर माहीत होतं. लॉगशीट खरं म्हटलं तर चूक माझ्या तपासणीची, जबाबदारी माझी. खोटं म्हटलं तर दादांची नोकरी गेली. मीटरच्या नोंदी माझ्या पिशवीत होत्या. त्या मी टेबलावर ठेवल्या. पाचव्या आठवड्यापर्यंत मी वाढता आकडा बघत बसले होते तेही सांगितलं, पण ते कोणी लिहून घेतलं नाही. साहेबांनी दादांना विचारलं, असं का केलं. ते म्हणाले, "मुद्दाम नाय, साहेब. हात सवयीनं तितंच थांबतो." इस्पितळातलं उत्तर वेगळं होतं.

बाहेर पडताना ते मला म्हणाले, "बरोबर केलंत, बाय. लहानूचा कान हाय त्याच्यात." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांची नोकरी गेली. बेंड बदलला. मॅनेजरांना साडेचार लिहिणं जड जात होतं आणि सात लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून तक्त्यावर साडेपाच आले. हा आकडा कोणाचाच नव्हता, ना पुस्तकाचा, ना दादांचा, ना गंजाचा. त्या साडेपाचावर ती लाइन मी सोडेपर्यंत पाच वर्षं चालली. बेंड मी दर वर्षी मोजून घेतला. झिजला नाही. म्हणजे दादांचे साडेचार उगाच कडक होते? की साडेपाचला जे व्हायचं ते सहाव्या वर्षी होणार होतं? ज्या माणसाने पाइप वाचवला त्यानेच तो फोडला, असं म्हणावं का? मी ते बरेच दिवस मनात फिरवलं. मग कामं निघाली.

२००२ च्या उन्हाळ्यात नणंदेकडे जुन्नरला जात होते. वैशाखऱ्याच्या अलीकडे एसटीचं चाक पंक्चर झालं आणि सगळे खाली उतरले. रस्त्याच्या कडेला गावच्या नळयोजनेचा पंप होता, आणि पत्र्याच्या शेडबाहेर निचितेदादा. ग्रामपंचायतीने त्यांना पाणी सोडायच्या कामावर ठेवलं होतं. केस पांढरे झालेले, पायात जरा लंगड. मला बघून त्यांना आनंद झाला. लहानूचं विचारलं, मग स्वतःच सांगितलं की त्याचं लग्न झालं, मुलगी पळू गावची, कान बघून पण हो म्हणाली.

पंप पूर्ण ताकदीने चालला होता. पाइप जमिनीवर थरथरत होता, दोन जोडांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडत होत्या, आणि व्हॉल्व्हचं चाक शेवटपर्यंत उघडं. मी पाइपकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"पानी हाय, बाय," ते म्हणाले. "वरच्या पाड्याला चढत नाय नायतर. फाटला तर फाटला, बाया हंडे घेऊन उभ्या हायेत."

मी विचारलंच. तीन वर्षं झाली होती, आता काही बिघडण्यासारखं नव्हतं. तक्त्यासमोर उभे होता तेव्हा का बोलला नाहीत?

ते हसले नाहीत. शेडच्या सावलीत सरकले आणि म्हणाले, "तीन म्हयने तुमी सोमवारी नमुना घेतला. पंप चालू असताना कदी खाली आल्या नाय. मी म्हनलं, आज येतील, बघतील. आल्या असत्या तर सांगितलं असतं."

हे तिसरं उत्तर. खरं कुठलं, हे मी विचारायच्या आत कंडक्टरने हाक मारली. मी चढले. खिडकीतून दिसलं, ते एका गळक्या जोडाला चिंधी गुंडाळत होते, आणि पाणी त्यांच्या कोपरावरून उडत होतं.

११ मे. सकाळी सातच्या आत आसनगावला पोचले. माझी वेळ नऊची. तक्ता पिशवीत, चौदावी ओळ कोरी. ॲसिड विभागाचा ऑपरेटर जयवंत, खर्डीचा, पंप लावतच होता. मला बघून तो ताठ उभा राहिला. मी म्हटलं, तुझं काम कर, मी फक्त उभी आहे. त्याने चाक फिरवलं, मी फेरे मोजले. सहा. माझ्या हिशेबात सहाच आहेत. टाकी भरेपर्यंत मी घड्याळ हातात धरून तिथेच थांबले. त्याने मध्ये स्टूल आणून दिलं, ते मी घेतलं नाही. वेळ बरोबर आला. मी पेन काढलं.

जयवंत हात पुसत जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमी उभ्या हाव म्हनून आज सहा केले. रोज नाय करत."

मी तक्ता पंपाच्या चौथऱ्यावर ठेवला आणि स्टूल ओढून त्यावर बसले.

"रोज किती?" मी विचारलं. "आणि कशावरून?"